झाकलेलं ताट

मुलुंड (पूर्व),
१२ नोव्हेंबर २०२४

ताईस साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा लेखीच मानून घे.)

पाकीट बघून दचकली असशील. पण करू काय? फोनवर तुला ऐकू येत नाही, मग मी ओरडतो, आणि आमच्या वन बीएचकेत ओरडलेलं सगळं पद्मजाला ऐकू येतं. व्हॉट्सॲप म्हणशील तर माझा फोन तिच्याच हातात असतो, मला आलेले निरोप तीच मला वाचून दाखवते. आणि मला जे सांगायचंय ते तिच्याबद्दलच आहे. म्हणून इथे वाचनालयात येऊन बसलोय. घरी सांगितलंय, पेपर वाचायला जातो. उत्तरही वाचनालयाच्याच पत्त्यावर पाठव.

‘तुझ्या भावजयीचं डोकं ठिकाणावर नाही’ असं मी अठ्ठेचाळीस वर्षं चेष्टेत म्हणत आलो. आता म्हणवत नाही. दिवाळीच्या आधी ती भाजी आणायला गेली ती दोन तास परत आली नाही. शोधत गेलो, तर आमची जुनी बिल्डिंग होती तिथे उभी. आता तिथे टॉवर झालाय. ती वॉचमनशी भांडत होती की आमचा जिना कुठे गेला. पिशवीत कोथिंबिरीच्या तीन जुड्या होत्या, तीन वेगळ्या भाजीवाल्यांकडून घेतलेल्या. मला बघून म्हणाली, “अहो, यांना सांगा ना.”

गंधालीने लगेच तिच्या ऑफिसच्या ओळखीतून डॉक्टर गाठले. लेक माझ्यासारखीच, थांबायचं माहीत नाही. डॉ. रुचिरा म्हणून आहेत, वयस्कर माणसांची स्मरणशक्ती बघतात. त्यांनी पद्मजाला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला सांगितलं. तिने घड्याळ सुंदर काढलं, फक्त दोन्ही काटे एकाच आकड्यावर. तीसपैकी बावीस गुण. थायरॉइड ठीक, बी-ट्वेल्व्ह ठीक. रक्तात सीआरपी म्हणून काही असतं ते बरंच वाढलेलं. म्हणजे शरीरात कुठेतरी दाह चालू आहे. तो कुठे ते त्या एका आकड्यावरून कळत नाही. डॉक्टर म्हणाल्या, असा दाह वर्षानुवर्षं राहिला तर मेंदूलाही त्याची झळ लागते असं दिसतंय, आणि खाण्याचा दोन्हींशी संबंध आहे. पालेभाज्या, कडधान्यं, तेलकट मासे, अक्रोड वाढवा; मैदा, साखर, तळण कमी करा. “हे औषध नाही काका, मी खात्री देत नाही. पण करून बघा. मे महिन्यात पुन्हा परीक्षा घेऊ.”

ताई, मी मरोळच्या कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासला. मोजल्याशिवाय एक व्हॉल्व्ह बाहेर जाऊ दिला नाही. आता मे महिन्यापर्यंत हेच काम. वही घातली आहे. ती मला विसरायच्या आत मला हे थांबवायचंय. हे मी फक्त तुला लिहितो आहे.

तुझा
विदू

*

बोरिवली (पश्चिम),
२१ नोव्हेंबर २०२४

चि. विदू,

साष्टांग नमस्कार पोचला. उठताना जपून ऊठ.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा तुझ्यावर चिडले, तिसऱ्यांदा चष्मा पुसून नीट वाचलं. पद्मा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आपल्या घरात कोणाची काय तारीख, कोणाला कुठली भाजी बाधते, सगळं तिच्या डोक्यात. माझ्या यज्ञेशचा वाढदिवस मी विसरले तरी ती विसरत नाही. ती जिना शोधत उभी होती हे मला डोळ्यांसमोर आणवत नाही.

पण तू एक गोष्ट लिहिली नाहीस. या सगळ्यावर पद्मा काय म्हणते? वॉचमन काय म्हणाला ते आहे, डॉक्टर काय म्हणाल्या ते आहे, सीआरपी आहे. ती माणूस आहे रे, तुझा व्हॉल्व्ह नव्हे. तिला काय वाटतंय ते विचार आणि मग वही घाल.

आणि एकदम सगळं बदलू नकोस. तुला मी ओळखते. प्राणायाम सुरू केलास तेव्हा अख्ख्या बिल्डिंगला गच्चीवर बोलावलं होतंस, पंधरा दिवसांत संपलं.

माझ्या कानाचं यंत्र कपाटात आहे. यज्ञेश म्हणतो ऐकू न येण्याचाही स्मरणशक्तीवर परिणाम होतो. मी म्हटलं, मला जे ऐकायचं ते ऐकू येतं.

जयंतीताई

*

मुलुंड (पूर्व),
९ जानेवारी २०२५

ताई, नमस्कार.

उशीर झाला, पण कारण ऐकून खूश होशील. घराचा कायापालट केलाय. मैदा हद्दपार. साखरेचा डबा धवलच्या दुकानात परत द्यायला गेलो, तो म्हणाला, “काका, उघडलेला डबा कोण परत घेतं?” मग सुगंधाला देऊन टाकला. सुगंधा म्हणजे आमची कामवाली, दुपारी तीनला भांड्यांना येते, तू पाहिली आहेस. सकाळी नाचणी, दुपारी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, कच्ची कोशिंबीर. बुधवारी आणि रविवारी तारल्या नाही तर बांगडा. रोज चार अक्रोड, जवसाची चटणी.

स्वयंपाक तीच करते. ते मी काढून घेतलं नाही. गंधालीचा गॅसला विरोध आहे, पण मी जवळ उभा राहतो. पदार्थ ती करते आणि तिचं ताट मी भरतो. माझं जेवण झालं की तिच्या ताटात सगळं मोजून वाढतो, वर दुसरं ताट झाकतो आणि ओट्यावर ठेवतो. मग मी आडवा होतो. उठल्यावर ताट घासून पालथं घातलेलं असतं. वहीत लिहितो: पूर्ण. आज अठ्ठावन्न दिवस झाले, त्यातले एक्कावन्न ‘पूर्ण’ आहेत. बाकीचे तिचे उपास. तेही आता बंद करायला लावतोय, पण चतुर्थीवरून महाभारत झालं.

परिणाम सांगतो. तिचं वजन साडेतीन किलो उतरलं. माझी साखर गेल्या दहा वर्षांत नव्हती इतकी खाली आली. माझे डायबेटिसचे डॉक्टर म्हणाले, झकास! जिना चढताना धाप लागत नाही.

डोक्याचं मात्र कळत नाही. काही दिवस बरी असते. परवा मला दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा विचारलं, घेणार का? चिडचिड वाढली आहे. ‘जेवलीस ना?’ विचारलं की ‘हो हो’ म्हणते आणि तोंड फिरवते. तुझ्या सांगण्यावरून विचारलं की तुला काय वाटतंय. म्हणाली, “काही नाही, तुम्ही तुमचं लिहा.”

मला बसवत नाही, ताई. वाचनालयातसुद्धा तीन खुर्च्या बदलल्या. मे महिना अंगावर येतोय. अजून काहीतरी करायचं राहिलंय असं सारखं वाटतं. हळदीकुंकवाला ये ना. दोन दिवस राहा आणि तूच बघ, फरक पडलाय का.

विदू

*

बोरिवली (पश्चिम),
५ फेब्रुवारी २०२५

विदू,

हे पत्र वाचनालयातच वाच, घरी उघडू नकोस.

मी पद्माला शब्द दिला होता की तुला सांगणार नाही. तो मोडते आहे. या वयात एक शब्द मोडायला मला फार वेळ लागला नाही, यावरून समज.

रविवारी तू जेवलास, तिचं ताट भरलंस, झाकलंस आणि आत जाऊन घोरायला लागलास. ते मला यंत्राशिवाय ऐकू आलं. मी जेवायला तिच्यासाठी थांबले होते. म्हटलं, चल बसू. ती म्हणाली, “वन्सं, तुम्ही बसा, मला अजून आवरायचंय.” मी थोडं जेवले, हात धुवून आत गेले. पद्मा ओट्याशी उभी होती. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात टोस्ट. बुडवून बुडवून, डाव्या गालाने चोखत होती. तुझं झाकलेलं ताट तसंच होतं. मग सुगंधा आली. पद्माने ते ताट जसंच्या तसं तिच्या डब्यात रिकामं केलं, ताट घासलं आणि पालथं घातलं. दोघींपैकी कोणीही एक शब्द बोललं नाही, म्हणजे हे रोजचंच होतं.

मी विचारलं. आधी म्हणाली भूक नाही. मग म्हणाली अक्रोड आवडत नाहीत. शेवटी मी दार लावलं आणि तिला तोंड उघडायला लावलं. विदू, उजवीकडच्या हिरड्या सुजून लाल झाल्यात, दोन दाढा हलतात, एका ठिकाणी पू आहे. तिला भाकरी चावताच येत नाही. कच्ची कोशिंबीर म्हणजे शिक्षाच. धवलच्या दुकानातून टोस्टचा पुडा ती पदराखाली आणते. साडेतीन किलो उतरले म्हणून तू पेढे वाटायचे बाकी ठेवले होतेस.

अंगात दाह कुठे आहे म्हणून तू पिठात शोधलास, तेलात शोधलास, साखरेच्या डब्यात शोधलास. तिच्या तोंडात बघितलं नाहीस. मी डॉक्टर नाही, सगळा दोष दातांचाच असं म्हणत नाही. पण तुझी वही खोटी आहे. तीन महिने तू सुगंधाला सकस आहार दिलास, तिच्या स्मरणशक्तीची परीक्षा घे.

एक सांग. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. तू पद्माला पोटभर जेवताना कधी पाहिलं आहेस?

ताई

*

मुलुंड (पूर्व),
११ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझं पत्र मिळालं. तू दोन दिवस राहिलीस आणि निकाल देऊन गेलीस.

मी तिला रोज विचारत होतो. रोज. ‘जेवलीस का?’ ती ‘हो’ म्हणत होती. आपल्या बायकोवर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा? मी काय तिच्या तोंडात बॅटरी मारून बघू? तीन महिने मी स्वतः बाजारात जातोय, मासे नीट करून आणतोय, रात्री लेख वाचतोय. तू यज्ञेशच्या घरी आयत्या ताटावर बसून मला शिकवतेस.

आणि विचारतेसच तर सांगतो. नाही, पाहिलं नाही. तिला उशिरा जेवायला कोणी शिकवलं? मी? मी तेव्हा पहिल्या पाळीला पहाटे घर सोडायचो. भांडुपच्या त्या दोन खोल्यांत स्वयंपाकघराचं राज्य आईचं आणि तुझं होतं. पुरुष उठल्याशिवाय बायकांनी बसायचं नाही, मोठ्यांचं झाल्याशिवाय सुनेनं बसायचं नाही, हे नियम मी केले नाहीत. जे केलं ते तुम्ही केलंत आणि वाट लागली तिची.

डॉक्टरांकडे नेईन. त्यासाठी तुझ्या पत्राची गरज नव्हती.

विद्याधर

*

बोरिवली (पश्चिम),
१ मार्च २०२५

चि. विदू,

अठरा दिवस उत्तर लिहिलं नाही. राग आला होता म्हणून नाही. तू खरं लिहिलंस म्हणून.

तुला माहीत नाही ते सांगते. लग्नानंतरचा पहिला आठवडा. मी तेव्हा माहेरीच होते, यज्ञेश पोटात होता. तुला त्या दिवशी सुट्टी होती. आईने तुला आणि बाबांना वाढलं. पद्मा आतून आली, तिने आपलं ताट घेतलं आणि सरळ तुझ्या शेजारी मांडी घालून बसली. तिच्या घरी सगळे एकत्र बसायचे, तिला वाटलं इथेही तसंच असेल. पहिला घास घेतला होता तिने. मी तिचं मनगट धरलं आणि तिला उठवलं. “आमच्यात असं नसतं,” म्हटलं. हसून म्हटलं, म्हणजे अजूनच वाईट. ती तो घास तोंडात घेऊनच आत गेली. तू मान वर केली नाहीस, आमटी ओरपत होतास, म्हणून तुला आठवणार नाही.

मला स्वतःला गरोदर म्हणून आई आधी वाढायची. मला चालायचं.

पुढे पद्मा कधीच कोणाबरोबर बसली नाही. आई गेली, बाबा गेले, तुम्ही मुलुंडला आलात, तरी ती बसली नाही. आणि आम्ही सगळे म्हणायचो, काय गुणाची सून आहे, हिचं जेवण कधी होतं ते कळतसुद्धा नाही. तिचं कौतुक म्हणून म्हणायचो रे.

मी तिची माफी मागायला हवी. फोनवर मागता येत नाही, ती काय म्हणाली ते मला ऐकू येणार नाही. यंत्र कपाटातून काढलं आहे. कानात शिट्टी वाजते, पण ठेवते.

दाताच्या डॉक्टरांकडे गेलात का? ते आधी कळव. भांडण मग करू.

तुझी ताई

*

मुलुंड (पूर्व),
२६ मार्च २०२५

ताई,

चार दाढा काढल्या. दोन दिवसांच्या अंतराने दोन-दोन. एका मुळाशी गळू होतं. दातांची डॉक्टर श्वेता म्हणून तरुण मुलगी आहे, तिने विचारलं, “आजी, एवढं दुखत असताना बोलला का नाहीत?” पद्मजा म्हणाली, “बोलले होते.”

मला वाटलं, विसरली असेल, उगाच म्हणते. घरी येऊन वही उघडली. एकोणीस नोव्हेंबर, माझ्याच अक्षरात: ‘प. म्हणते उजवी दाढ ठणकते. लवंग दिली.’ खाली: ‘ताट पूर्ण.’ मी स्वतः लिहिलंय ताई, तारीख घालून. आणि विसरलो. परीक्षा तिची चालली आहे. तेव्हापासून वहीला हात लावलेला नाही.

मागच्या पत्रात तुला नको ते लिहिलं. आयतं ताट वगैरे. विसर म्हणणार होतो, पण आपल्या घरात आता हा शब्द वापरवत नाही. त्या आठवड्यातलं मला खरंच आठवत नाही. आठवलं असतं तर बरं की न आठवणं बरं, तेही कळत नाही.

आता आम्ही समोरासमोर बसतो. म्हणजे बसायचा प्रयत्न करतो. पहिल्या दिवशी ती तीनदा उठली. मीठ आणते, पाणी आणते, गॅस बघते. गॅस बंदच होता. मी म्हटलं, “बस ना गं.” बसली, पण घास हातात धरून माझ्या ताटाकडे बघत राहिली, मला काय हवं ते. शेवटी म्हणाली, “तुम्ही बघत असलात की माझ्या घशाखाली उतरत नाही.” मी खिडकीकडे तोंड करून बसलो. दोन म्हातारी माणसं, एक भिंतीकडे बघतंय, एक खिडकीकडे, आणि मध्ये मऊ खिचडी. हसावं की रडावं?

चौथ्या दिवशी भडकली. “पन्नास वर्षं मी मेले होते का आत? आता काय बघताय?” म्हणून ताट सरकवून दिलं. मी तारलीचे काटे काढत बसलो.

पण खाते आहे. मूग, मऊ भात, शिजवून घोटलेला पालक, काटे काढलेले मासे, अक्रोड वाटून दुधात. भाकरी दुधात कुस्करून. हिरड्या भरत आल्यात. सीआरपी पुन्हा केलं, निम्म्याहून खाली आहे. डॉ. रुचिरा म्हणाल्या, चांगलं आहे, पण यावरून डोक्याचं काही ठरवू नका. मी विचारलं, आधीच लक्षात आलं असतं तर? त्या म्हणाल्या, त्याचं उत्तर कोणीच देऊ शकणार नाही. मला ते उत्तर हवंय, ताई. रात्रंदिवस हवंय.

विदू

*

मुलुंड

ती. वन्संना पद्मजाचा नमस्कार.

ह्यांच्या कोटाच्या खिशात तुमची सगळी पत्रं सापडली. कोट धुवायला टाकत होते. वाचली. मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. माझ्या जेवणावर तुम्ही भावंडांनी एवढं लिहिलंत, मला एक ओळ कोणी लिहिली नाही. गंधालीचा फोन आला होता, रविवारी येणार आहे.

मनगटाचं तुम्ही लिहिलंत ते मला चांगलं आठवतं. अलीकडचं जातं, ते राहिलंय. तुम्ही हिरवं पातळ नेसला होतात. मी तुमच्यावर रागावले नव्हते, मला स्वतःची लाज वाटली होती, की मला एवढं कसं कळलं नाही. राग फार उशिरा आला. गेल्या महिन्यात आला. तुम्ही माफी मागायला येणार असाल तर या, पण मला रडायला लावू नका, हिरड्या दुखतात.

ह्यांना मी खोटं का बोलले ते सांगते. ते वही घेऊन बसायचे, ‘पूर्ण’ लिहायचे तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. दिवसभरात तेवढाच. तो मला मोडवत नव्हता. दाताचं एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगितलं की नाही ते मला आठवेना, आणि सारखं तेच सांगितलं तर डोकं गेलं म्हणतील, म्हणून गप्प बसले.

मला परीक्षेची भीती वाटते, वन्सं. डॉक्टर ते पाच शब्द सांगतात ना, तेव्हा मला ह्यांचेच डोळे दिसतात. मग एकही शब्द राहत नाही. मी नापास झाले तर त्यांना वाटेल त्यांनीच काहीतरी केलं.

गंधाली रविवारी येणार आहे. तिचा फोन आला होता.

तुमची
पद्मजा

*

मुलुंड (पूर्व),
२३ मे २०२५

ताईस नमस्कार.

काल परीक्षा झाली. मी बाहेर बसलो होतो. तिनेच सांगितलं होतं, तुम्ही आत येऊ नका. पाऊण तास मी त्या कॉरिडॉरमध्ये इतक्या फेऱ्या मारल्या की नर्सने दोनदा विचारलं, काका, टॉयलेट शोधताय का?

तीसपैकी एकवीस.

एक गुण गेला, ताई. घड्याळाचे काटे या वेळी बरोबर होते, शब्द दोनच आठवले. मी डॉक्टरांना म्हटलं, एवढं सगळं केलं तरी? त्या म्हणाल्या, एका गुणाचा इकडेतिकडे फारसा अर्थ नसतो. पण हा आजार आहे, तो बहुधा हळूहळू पुढे जाईल. खाण्याने, दात नीट ठेवण्याने, चालण्याने, माणसांत राहण्याने तो कदाचित सावकाश जाईल. थांबेल असं मी सांगणार नाही. मग म्हणाल्या, “त्यांचं वजन अडीच किलो वाढलं आहे, काका. मला त्याचा जास्त आनंद आहे.” पद्मजा बाजूलाच बसली होती. माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “नापास का?” मी म्हटलं, नाही गं, पास. परत येताना रिक्षात मला कोणाला तरी मारावंसं वाटत होतं आणि मारण्यासारखं कोणीच नव्हतं.

तू एप्रिलमध्ये येऊन गेलीस त्यानंतर तिचं बसणं जरा सुधारलं होतं, हे तुला सांगितलंच. तुम्ही दोघी दार लावून काय बोललात ते मी विचारत नाही. पण तरीही ती माझ्या आधी कधी सुरुवात करायची नाही. मी घास घेतला की मग ती घ्यायची. आणि वाढलं तेवढंच. ‘अजून?’ विचारलं की हात आडवा.

आज दुपारचं सांगायला बसलोय. मी बांगड्याचं तिखलं केलं होतं, आयुष्यात पहिल्यांदा, ती स्टुलावर बसून सांगत होती. तिला वाढलं. माझ्या वाटणीच्या माशाचे काटे काढायचे होते, म्हणून माझं ताट तसंच होतं. मान वर करून बघतो तर ती जेवत होती. माझ्यासाठी थांबली नव्हती. व्यवस्थित, दोन्ही गालांनी, भात कालवून, बोटं चाटत. मी बघत होतो तरी तिच्या घशाखाली उतरत होतं. ताट साफ केलं. मग ते ताट तिने माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, “अजून वाढा.”

ताई, येत्या डिसेंबरात एकोणपन्नास वर्षं होतील. या बाईने मला कधी ‘वाढा’ म्हटलेलं नाही.

ती बरी होते आहे म्हणून तिने मागितलं, की नवऱ्याआधी जेवायचं नसतं, मागायचं नसतं, हेच ती आता विसरली म्हणून मागितलं? आपण तिला जे शिकवलं ते तिच्या मनातून गेलं, की तिचं मन आपल्यापासून सुटलं? मला ठरवता येईना. डॉ. रुचिरांना फोन लावायला उठलो होतो. अर्ध्यातून परत बसलो. कारण ती ताट धरून थांबली होती, आणि जरा चिडली होती.

मी वाढलं.

तुझा
विदू